तिसऱ्या खोलीत काही नाही

आमच्या घरात स्वयंपाकघर सोडून तीन खोल्या आहेत. पहिल्या खोलीत सोफा, टीव्ही आणि नवऱ्याची महिनोन्‌महिने साठलेली वर्तमानपत्रं आहेत. दुसऱ्या खोलीत आम्ही झोपतो. तिसऱ्या खोलीत काही नाही.

हे इतकं सरळ सांगायला मला बरीच वर्षं लागली. आपल्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला घर दाखवायचं असतं. डहाणूत आशागडच्या रस्त्याला असलेल्या आमच्या इमारतीत येणारे सगळेच घर बघतात. पहिली खोली बघून मान डोलावतात, दुसऱ्या खोलीत पंख्याची चौकशी करतात आणि तिसऱ्या खोलीच्या दारात थबकतात.

"इथे काय?"

"काही नाही."

"सामान यायचंय का अजून?"

"नाही. सगळं आलं."

मग पाहुणा खोलीकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि हळूच, मला कळणार नाही अशा समजुतीत, माझ्या पोटाकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर दया उतरते. मला ती दया अजिबात आवडत नाही. चहात साखर कमी पडली तर तोंडावर सांगा, पण माझ्याच घरात उभं राहून माझी कीव करू नका. काही पाहुण्यांना मी हे बोलूनही दाखवलं आहे. ते परत आले नाहीत आणि मला त्यांची आठवणही आली नाही.

ती खोली मुलासाठी घेतली होती, हे खरं आहे. ते मी लपवत नाही. मला मूल हवं होतं, खूप हवं होतं. वापीचे डॉक्टर झाले, वलसाडचे झाले, मग मुंबईचे झाले. त्या वर्षांत तिसरी खोली गच्च भरलेली होती. औषधांचे खोके, कोणी कुठून आणलेले अंगारे, मोठ्या जाऊबाईंनी दिलेली लहान मुलांची झबली, कोपऱ्यात लाल कापडात बांधलेला, दर नवरात्रात बदलायचा नारळ. आणि मधोमध पाळणा. तो सासूबाईंनी डहाणू गावातल्या घरून टेम्पोत घालून पाठवला होता. माझा नवरा आणि थोरले दीर दोघेही त्याच पाळण्यात वाढलेले. पाळणा घरात आला की मूलही येतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी शिक्षिका; रोज सकाळी शाळेला निघताना त्या पाळण्याच्या कडेने वाट काढून खिडकी उघडायची आणि संध्याकाळी त्याच्या कडेने जाऊन ती लावायची.

एका दिवाळीला साफसफाई करताना मी त्या खोलीत शिरले आणि मला एकदम राग आला. नशिबावर, देवावर असला मोठा राग नव्हे. त्या सामानावर आला. माझ्या घराची एक खोली नसलेल्या माणसाच्या सामानाने अडवून ठेवली होती. मी खोके टाकून दिले. झबली धुऊन, घडी करून जाऊबाईंना परत केली. नारळ फोडून त्याची बर्फी केली आणि शाळेत मुलांना वाटली. पाळणा पुन्हा टेम्पोत चढवला. सासूबाई तेव्हा फोनवर रडल्या. "आशा सोडलीस का ग," म्हणाल्या. मी म्हणाले, "हो आई. सोडली." त्यानंतर मी खोली झाडली, पुसली, खिडकी उघडली आणि भिंतीला टेकून खाली बसले. किती वर्षांनी मला मोकळा श्वास आला.

तेव्हापासून ती खोली तशीच आहे. एक खिडकी, तिच्यातून दुपारनंतर येणारं ऊन आणि फरशी. रोज झाडते, रोज पुसते. पायातली चप्पल बाहेर काढून आत जाते. घरात वापरायची रबरी चप्पलसुद्धा. हे मी ठरवून केलं नव्हतं, पाय आपोआप थांबले. नंतर माझ्या लक्षात आलं की ही सवय गंजाडची आहे.

माझं माहेर गंजाडचं. भात आणि नाचणी पिकवणारं घर. घराच्या बाजूला खळं होतं. कापणी झाली की आई, काकू आणि आम्ही पोरी मिळून पावसाळ्यात माजलेलं गवत उपटायचो, जमीन पाणी मारून चोपायचो, शेणाने सारवायचो. मग भाताचे भारे यायचे, झोडणी व्हायची, रास पडायची. थोड्या दिवसांत सगळं उरकायचं, भात कणगीत जायचं, पेंढा रचला जायचा आणि खळं रिकामं व्हायचं. ते पुढे पावसापर्यंत रिकामंच. वडिलांचा नियम असा की खळ्यात काही ठेवायचं नाही. लाकडं नाहीत, नांगर नाही, सायकलही नाही. चप्पल घालून कोणी जायचं नाही. एवढी मोठी जागा वापराविना पडली आहे असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही यायचं नाही.

आणि त्याहून महत्त्वाचा एक नियम होता, तो कोणी बोलून दाखवत नसे. खळ्यात बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. त्याचं मूळ साधं आहे. रास पडलेली असताना कोणीतरी राखणीला बसावंच लागतं. पाखरं येतात, शेळ्या येतात. त्या माणसाला पाणी आणायला किंवा दळण टाकायला पाठवलं की राशीचं वाटोळं. म्हणून त्याला हाक मारायची नाही. पण ही सवय लोकांच्या अंगात इतकी मुरली होती की रास उचलल्यावर, खळ्यात एक दाणाही नसताना, तिथे बसलेल्याला कोणी हाक मारत नसे. आईने मला ओट्यावर बसलेली बघितलं की भांडी घासायला लावायची. विहिरीपाशी उभी दिसले की कपडे पिळायला. खळ्याच्या मधोमध मी पाय पसरून बसले असले की ती यायची, बघायची, "काय करतेस?" म्हणायची. मी म्हणायचे, "काही नाही." आणि ती परत जायची. एवढ्या कामाच्या घरात मला तेवढी एकच जागा मिळाली होती. तिथे मी कोणाची मुलगी नव्हते, कोणाची बहीण नव्हते. आता विचाराल की तिथे बसून काय मिळालं, तर मला सांगता येणार नाही. पण त्या बसण्यावर मी आजवर उभी आहे, एवढं खात्रीने सांगते.

आता ते खळं राहिलेलं नाही. मळणीचं यंत्र रस्त्यावर येतं, भात तिथेच मळून होतं. भावाने खळ्यावर कोबा घातला आणि पिकअप उभी करायला लागला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला गाडी ठेवायला जागा हवी होती. फक्त त्या कोब्यावर मी चप्पल घालूनच चालते.

खोली रिकामी ठेवायची म्हटल्यावर सगळं डहाणू ती भरायला धावलं. शेजारच्या गुजराती काकी दर महिन्याला दारात येऊन म्हणतात, "बेन, रूम खाली छे तो पेइंग गेस्ट राखो ने." त्यांच्या मनात काही नसतं, त्यांना रिकामं भांडंसुद्धा बघवत नाही. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "बाई, शिकवणी सुरू करा तिथे." वास्तुशास्त्र शिकून आलेले नवऱ्याचे एक मित्र म्हणाले, रिकाम्या खोलीत नको ते येऊन राहतं, निदान देवाची तसबीर लावा. मी म्हणाले, देवाला स्वयंपाकघरात जागा दिली आहे, त्याची अजून तक्रार आलेली नाही. नवऱ्याला मध्यंतरी चालायचं यंत्र घ्यायचं होतं. मी म्हणाले, समोर एवढा रस्ता पडला आहे. त्याने तो विषय सोडला. पण मी बघते, ऑफिसचा फोन आला की तो त्या खोलीतच जातो. विचारलं तर म्हणतो, "तिथे माझा आवाज चांगला येतो."

मी तलासरी तालुक्यात, झरीच्या पुढच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सोमवारी मुलांना विचारायची माझी पद्धत होती, "काल सुटीत काय केलंत?" सगळा वर्ग एका सुरात सांगायचा, "काय नाय, बाई." पूर्वी मी यावर चिडायचे. काय नाय म्हणजे काय, काहीतरी केलंच असेल ना. मग एकेक बाहेर यायचं. ओहोळात खेकडे धरले. डोंगरावर चढलो आणि उतरलो. कशाला चढलात? असंच. एका मुलीने दिवसभर बकरीच्या पिल्लाच्या बाजूला बसून काढला होता. पिल्लू आजारी होतं का म्हटलं, तर नाही म्हणाली, चांगलं होतं. मी हळूहळू तो प्रश्न विचारायचं बंद केलं. त्यांच्याजवळ जे 'काय नाय' होतं, त्याचंही मी विचारून विचारून काम करून टाकत होते.

एवढं सगळं चालू असताना मागच्या वर्षी पुतण्याचं लग्न झालं. थोरल्या दिरांचा हा एकुलता एक. उंबरगावला कारखान्यात नोकरीला आहे, रोज डहाणू रोडहून गाडी पकडतो. सून झरीच्या बाजूच्याच एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. डी.एड. झालेली, भरतीची वाट बघणारी. डहाणू गावातलं दिरांचं घर लहान आहे. नव्या जोडप्यासाठी पुढच्या खोलीत कपाटाचा आडोसा करून जागा केली होती. आडोशाच्या अलीकडे सासूबाई झोपायच्या आणि त्यांना झोप येत नसे.

एका रविवारी आम्हाला आणि आणखी दोन-तीन नातेवाइकांना तिकडे जेवायला बोलावलं. सासूबाईंनी माझ्या ताटात तळलेला बोंबील वाढला, मग आणखी एक वाढला. सासूबाई माझ्या ताटात दुसरा बोंबील वाढतात तेव्हा काहीतरी मागायचं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे. सून सगळ्यांना वाढत होती. नातेवाइकांपैकी कोणीतरी विचारलं, सूनबाई काय करतात? जाऊबाई म्हणाल्या, "सध्या काही करत नाही, घरीच असते." ती तेव्हा एका हातात भाताचं पातेलं आणि दुसऱ्या हातात आमटी घेऊन उभी होती. सकाळपासून तिची पाठ जमिनीला लागली नसणार.

दिरांनी ताक पिऊन पेला खाली ठेवला. "आम्ही असं ठरवलंय," ते म्हणाले, "ही दोघं तुमच्याकडे राहायला येतील. स्टेशन जवळ पडतं. तुमची एक खोली तशी रिकामीच आहे."

"घरात चार माणसं दिसतील," सासूबाई म्हणाल्या. "आणि पुढेमागे सगळं त्याचंच आहे ना. तुमच्यामागे दुसरं आहे कोण?"

हे त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्यांना ते इतकं उघड वाटत होतं की वाईट वाटायचं काही कारणच दिसत नव्हतं. पण मी हातातला घास ताटात ठेवला. मी जिवंत आहे, नोकरीला जाते, हप्ते भरते, बोंबील खाते आहे. आणि माझ्यासमोर बसून माझ्यामागे काय होणार ते ठरवून झालं होतं. आज खोली, उद्या घर, आणि मी मधल्या काळात ते नीट सांभाळायला ठेवलेली बाई. मी नवऱ्याकडे बघितलं. तो आमटीत बघत होता. रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य काढलेला हा माणूस सगळ्या गाड्यांना लाल-हिरवं दाखवतो, आणि भावासमोर मात्र कायम पिवळा असतो.

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?" दिरांना खरंच कळलं नव्हतं.

"ती खोली द्यायची नाही."

"कोणी राहणार आहे का तिथे?"

"कोणी नाही."

"काही ठेवायचंय?"

"काही नाही."

"मग कारण काय?"

"कारण काही नाही, दादा."

कारण दिलं असतं तर त्यांनी ते खोडून काढलं असतं. मला त्रास होईल म्हटलं असतं तर त्रास होणार नाही म्हणाले असते. शाळेची कामं करते म्हटलं असतं तर टेबल कोपऱ्यात ठेवा म्हणाले असते. मुलाच्या आठवणीसाठी ठेवली आहे म्हटलं असतं तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि कदाचित खोली वाचलीही असती. पण ते खोटं झालं असतं. माझी खोली कोणाची वाट बघत नाही आणि कोणासाठी रडतही नाही. आणि माझ्याच घराच्या एका खोलीत काही नाही, याचा खुलासा मी कोणाला का द्यावा?

त्या जोडप्याची अडचण खरी होती, हे मला दिसत होतं. म्हणून मी म्हणाले, आमच्या इमारतीत एक घर भाड्याने आहे, मी बोलून ठेवते. जाऊबाई म्हणाल्या, "स्वतःच्या काकाचं घर असताना पोराने भाड्याने राहायचं?" सूनबाई मान खाली घालून ताटं उचलत होती. पुतण्याने फोन काढला होता.

स्कूटरवरून परत येताना नवरा म्हणाला, "थोडं गोड बोलली असतीस तर."

"तू निदान कडू तरी बोलायचं होतंस," मी म्हणाले.

आशागडचं वळण आल्यावर तो म्हणाला, "मलाही नाही द्यायची ती खोली." मी म्हणाले, हे वाक्य तिथे उपयोगी पडलं असतं. तो म्हणाला, माहीत आहे. त्याच्यावर मला रागही आला आणि मायाही आली. दोन्ही खरं होतं.

दिरांनी माझा नकार मनावर घेतलाच नाही. बाई आज तापली आहे, उद्या निवेल, असं त्यांचं गणित. पुढच्या शनिवारी मी दुपारी शाळेतून आले तर दारात सुतार उभा, आणि त्याच्यासोबत नवी सून. भिंतीतल्या कपाटाचं माप घ्यायला दिरांनी पाठवलं होतं. सुतार ओळखीचा माणूस. त्याने मला नमस्कार केला आणि टेप काढून चपलांसकट सरळ तिसऱ्या खोलीत शिरला.

"बाहेर या," मी म्हणाले.

"ताई, माप घेतो, दोन मिनिटं."

"माप घ्यायचं नाही. चहा घ्या आणि जा. दादांना सांगा, मी घेऊ दिलं नाही. तुमच्यावर काही येणार नाही."

तो बिचारा माझ्या तोंडाकडे बघत बाहेर आला. चहा नको म्हणाला आणि गेला. मी दार लावून वळले तर पुढच्या खोलीत सून नव्हती. मला वाटलं स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली असेल. तिथेही नव्हती. तेवढ्यात तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्याशी तिच्या चपला दिसल्या. एकीला एक लावून, नीट, भिंतीच्या कडेला काढून ठेवलेल्या.

आमच्या घरी इतकी माणसं आली. त्या दाराशी स्वतःहून चपला कोणी काढल्या नव्हत्या. पाहुण्यांनी नाही, वास्तुशास्त्रवाल्या मित्राने नाही, सासूबाईंनी नाही. मी कधी सांगितलंही नव्हतं. मी दारापर्यंत गेले. ती खोलीच्या मधोमध फरशीवर बसली होती. पाय पसरून, हात मागे टेकून, उन्हाकडे तोंड करून. मला बघून उठायला लागली.

"बस," मी म्हणाले. "काय करतेस?"

"काही नाही, काकू." मग म्हणाली, "आमच्या खळ्यासारखं वाटलं."

मला तिथेच उभ्या उभ्या रडू आलं. मी ते येऊ दिलं. कशाला लपवायचं? गंजाडहून निघून मला किती वर्षं झाली होती, आणि ही परक्या घरची पोर चपला काढून सरळ आत येऊन बसली होती. मी आत गेले आणि तिच्यापासून थोडी दूर बसले. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून ती एकटी अशी बसलीच नाही. बसली की कोणीतरी विचारतं, बरं नाही का, की काही काम सांगतं. गच्चीत गेली तर खालून हाक येते. संडासात जास्त वेळ झाला तरी हाक येते. हे सांगताना ती हसत होती.

"तुमच्याकडे खळ्यात बसलेल्याला उठवतात का?" मी विचारलं.

"नाही ना," ती म्हणाली. "तिथे कोण उठवेल?"

ऊन भिंतीवर चढेपर्यंत ती बसली. जाताना चपला घालताना म्हणाली, "काकू, मी इथे राहायला आले तर ही खोली राहणारच नाही." मी काही सुचवलं नाही. मला तिला पुढे करून खोली वाचवायची नव्हती, हे शपथेवर सांगते. मी एवढंच म्हणाले की तू केव्हाही ये.

पुढच्या रविवारी दिरांनी पुन्हा बोलावलं. या वेळी बोंबील नव्हता. सुताराचं प्रकरण निघालं, माझं वागणं निघालं, शाळेत नोकरी करणाऱ्या बायका कशा होतात तेही निघालं. या वेळी मात्र माझ्या नवऱ्याने आमटीतून मान वर केली आणि म्हणाला, "दादा, मीही नाही म्हणतोय." आवाज फुटलेला होता, पण निघाला. दीर त्याच्याकडे वळणार एवढ्यात सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आम्हालाही नको ती खोली."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचा नवराही.

"तू मध्ये बोलू नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "तुला काय माहीत? का नको?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला माझी गरज नव्हती.

"कारण काही नाही, आई," ती म्हणाली आणि भाताचं पातेलं खाली ठेवलं.

आता या गोष्टीचं खापर माझ्यावर फुटलं आहे. मी पोरीला फितवलं, तिला उलट बोलायला शिकवलं, असं दीर सांगत फिरतात. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. जाऊबाईंनी दिवाळीचा फराळ पाठवला नाही, मीही पाठवला नाही. पुतण्या आणि सून यांनी उंबरगावला खोली भाड्याने घेतली आहे. लहान आहे, पण दाराला आतून कडी आहे. सणावाराला, पाहुण्यांना, आजारपणाला तिला डहाणू गावात यावं लागतं. आली की ती आधी स्टेशनवरून रिक्षा करून माझ्याकडे येते. पाणी पिते आणि तिसऱ्या खोलीत जाते.

परवाही आली होती. तिकडे दिरांच्या मेहुण्याकडची माणसं जेवायला यायची होती. मी स्वयंपाकघरात होते. फोन वाजला. जाऊबाई होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

"ती गाडीतून उतरून तुझ्याकडे आली आहे ना? पाठव तिला लगेच. माणसं यायची वेळ झाली, पोळ्या व्हायच्यात."

मी फोन कानाला धरून दारापाशी गेले. चपला बाहेर होत्या. ती भिंतीला पाठ टेकून बसली होती, डोळे मिटलेले नव्हते, खिडकीबाहेर काही बघतही नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. उठायची तयारी तिच्या चेहऱ्यावर दिसली आणि मी हाताने तिला थांबवलं.

"आत्ता नाही पाठवता येणार," मी म्हणाले.

"का? एवढं काय करतेय ती तिथे?"

"बसली आहे."

"बसली आहे? मग उठव की तिला."

"नाही, वहिनी," मी म्हणाले. "तिला मी उठवणार नाही."